पाचव्या जागेचे सर

सरांविषयी आमच्या मंडळात ज्या गमतीच्या गोष्टी सांगतात, त्यांतल्या निम्म्या मी पसरवलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या माझ्या ऐकून इतरांनी रचल्या. तेव्हा त्या दुरुस्त करायचं कामही माझ्याकडेच येतं. यंदाच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी माझ्याकडे 'काहीतरी हलकंफुलकं' मागितलं आहे. हलकंफुलकं भरपूर आहे, कारण सर हा माणूसच तसा. थोडं जड आहे, ते मध्ये येईल. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सरांचं नाव लिहीत नाही. मंडळात कोणाला त्याची गरज नाही आणि बाहेरच्यांना ते कळून उपयोग नाही. मूळचे नागपूरचे. तरुणपणी केंब्रिजला संशोधन केलं, मग लंडनमधल्या एका युनिव्हर्सिटीत निवृत्त होईपर्यंत बायोकेमिस्ट्री शिकवली. लंडनच्या पिनर भागात, आमच्या पलीकडच्या रस्त्यावर एकटे राहतात. इतकी वर्षं इथे काढली, पण बोलणं नागपूरचंच राहिलं. इंग्रजीसुद्धा ते नागपुरीच बोलतात.

सगळ्यात जुनी गोष्ट भांड्यांची. कोणाच्याही घरी चहा घेण्याआधी सर स्वतःचा कप स्वतः धुतात, त्यावरून 'सर सोवळं पाळतात' असं आपल्याकडे म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना हसता हसता खोकल्याची उबळ आली होती. खरं घडलं ते असं. सर पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा हिनं ठेवणीतले काचेचे पेले काढले. सरांनी एक उचलला, नळाखाली धरला, उपडा केला आणि खिडकीच्या उजेडात निरखत उभे राहिले.

"अहो, ते काय करतायत?" ही माझ्या कानात म्हणाली.

"वहिनी," सर वळून म्हणाले, "काच साफ असली ना, की पाणी एकसारखं पसरते. इथं थेंब तुटून राहिले. तुपाचा हात लागला आहे."

"म्हणजे आमची भांडी घाण आहेत का?"

"घाण काहून असतील? चहाले एकदम झकास आहेत. फक्त एक्स्पेरिमेंट करता येणार नाही."

पुढे बरेच महिने ही त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देत होती. त्यातून उजेड जात नाही.

त्यांच्या घरी गेलं, तर कपाला कागदी टेपची पट्टी चिकटवून त्यावर आपलं नाव आणि तारीख लिहून देतात. लॅबमधली सवय. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर अशी पट्टी असते. केळ्यांवरही असते. एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही एकटे राहता. केळं कोणाचं आहे हे कोणाला कळायला हवं?" ते म्हणाले, "कोणाचं ते मले माहीत आहे हो. कधीचं ते विसरतो."

पीएचडी असल्यामुळे मंडळात त्यांना डॉक्टर म्हणत आणि मध्यंतरात लोक त्यांना जीभ दाखवत. 'सर तपासतात आणि हसून वाटेला लावतात' असं मी सांगत असे. ते चुकीचं आहे. सर जीभ नीट बघतात, चष्मा वर करून बघतात आणि मनापासून "छान आहे" म्हणतात. त्यांना ती खरंच छान वाटते. गुडघ्यांची गोष्ट मात्र जशीच्या तशी खरी आहे, कारण मी शेजारी उभा होतो. आमचे सेक्रेटरी त्यांना सांगत होते, "सर, गुरुवारचे उपास धरले आणि उजवा गुडघा एकदम बरा झाला."

"आणि डावा?"

"डावा अजून दुखतो."

सर विचारात पडले. "उपास तर दोघांनीबी केले असतील ना?"

याला ते कंट्रोल म्हणतात. कोणी काहीही ठासून सांगितलं की सरांचा पहिला प्रश्न, "कंट्रोल कुठं आहे?" म्हणजे हे केलं नसतं तर काय झालं असतं, ते पाहिलंत का? आणि स्वतः ते कशाचीच खात्री देत नाहीत. फोन करून "सर, घरी आहात का?" विचारलं, तर म्हणतात, "असं दिसते." बाहेर धो धो पाऊस असला तरी "खिडकीतून तरी पडून राहिला असं दिसते."

आता पहिल्या लेक्चरची गोष्ट. ही माझी सगळ्यात लोकप्रिय गोष्ट. नागपुरी सूर काढून मी ती किती पार्ट्यांमध्ये सांगितली असेल. सर वर्गात येतात, विचारतात, "डॉक्टर व्हायचं होतं असे किती जण आहेत?" निम्मा वर्ग हात वर करतो. सर खिडकीकडे बोट दाखवतात, "हॉस्पिटल तिकडे आहे. चला, निघा." इथे हशा येतो.

आमची मुलगी ऋता त्या वर्गात बसलेली होती, आणि तिचाही हात वर होता. तिच्या सांगण्यानुसार सर म्हणाले होते, "हॉस्पिटल तिकडे आहे. कोपऱ्यावरून बस जाते. शनिवारी जा आणि विचारा, काही काम देता का. सोमवारी परत इथं या. कारण पेशंटच्या पोटात काय चाललं ते इथं शिकवतात." आणि फळ्यावर त्यांनी सगळ्यात आधी बसचा नंबर लिहिला. हे मला माहीत होतं. पण त्यात हशा येत नव्हता, म्हणून मी ते गाळत असे.

इथल्या मुलांच्या आईबापांना सांगायला नको, तरी सांगतो. युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर मेडिसीन फक्त चार ठिकाणी लिहिता येतं. पाचव्या जागी दुसरं काहीतरी लिहावं लागतं, आणि पुष्कळ मुलं तिथे बायोकेमिस्ट्री लिहितात. चारही ठिकाणांहून नकार आला की मूल पाचव्या जागी जातं आणि तोंड पाडून बसतं. सरांनी सगळं आयुष्य अशा मुलांना शिकवण्यात घालवलं. "भाऊ," ते मला एकदा म्हणाले होते, "मी ज्याच्यावर जीव लावला, तो विषय लोकांच्या फॉर्मवर पाचव्या जागी येते. लग्नात नवरदेव पळाला म्हणून मले उभं केल्यासारखं वाटते." हे सांगतानाही ते हसत होते.

ऋता आमची एकुलती एक, उशिरा झालेली. चारही ठिकाणांहून नकार आले, त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. पण मी त्याआधीच मंडळभर सांगून बसलो होतो की मुलगी मेडिकलला जाणार. मग माझ्या तोंडून निघून गेलं की बायोकेमिस्ट्री हा मेडिकलचाच पहिला भाग असतो. लोकांना ते पटलं. मलाही हळूहळू पटलं. त्या गणपतीत ईलिंगच्या हॉलमध्ये तिचा 'भावी डॉक्टर' म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ऋता नारळ हातात धरून असा चेहरा करून उभी होती, की जणू कोणाचं तरी पार्सल चुकून तिच्याकडे आलंय.

सर समोरच बसले होते. त्यांच्या वर्गाच्या यादीत तिचं नाव होतं, म्हणजे या सगळ्यातलं खरं काय ते त्या हॉलमध्ये आमच्याशिवाय फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या टेबलापाशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पाचव्या जागेचा एवढा मोठा सत्कार मी पहिल्यांदाच पाहिला." त्यापुढे या विषयावर ते कोणापाशी एक शब्दही बोलले नाहीत.

त्याच कार्यक्रमात त्यांचा हळदीचा खेळही झाला. आमच्या गणपतीत मुलं आरतीपेक्षा त्याची वाट बघत. सर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले पिवळे कागद आणत. मग सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून एकेका मुलाचं नाव लिहीत. पाणी लागलं की पिवळ्यावर लालभडक अक्षरं उमटत.

"अंकल, कुंकू झाला! माझा नाव पण, माझा नाव पण!" अशी आमची इथली पोरं ओरडत, आणि सर लिंबू पिळून ते नाव पुन्हा पिवळं करून टाकत. की पुन्हा आरडाओरडा. त्या वर्षी गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि हळदीची अख्खी बादली हॉलच्या गालिच्यावर आडवी झाली. सर गुडघ्यांवर बसून तो डाग टिपत होते आणि तेवढ्यातही मुलांना सांगत होते, "यावर सोडा नका टाकू बरं. पिवळा पुरवला, लाल नाही."

पुढची गोष्ट शून्याची. 'सरांनी मित्राच्या मुलीला प्रॅक्टिकलमध्ये शून्य दिलं' ही खरी आहे. पहिल्याच वर्षी एका प्रॅक्टिकलच्या मध्येच ऋताच्या शेजारच्या मुलीला घरून फोन आला, तिची आजी गेली. ती मुलगी रडत बाहेर गेली. ऋता तिच्या मागे गेली आणि जिन्यावर तिच्यापाशी बसून राहिली. इकडे ऋताचं एन्झाइम बर्फाबाहेर राहिलं आणि वाया गेलं.

मी तणतणत सरांच्या घरी गेलो. "अहो सर, पोरगी माणुसकी दाखवते आणि तुम्ही शून्य देता?"

"एन्झाइम मेलं, भाऊ. मेलेल्यापासून रिडिंग कसं घेऊ? आणि रिडिंग नाही, तर मार्क कशाचे देऊ?"

मी हे जिथे तिथे सांगत सुटलो. त्याच संध्याकाळी सरांनी ऋताला बोलावून काय सांगितलं, ते मात्र तिनं मला कितीतरी उशिरा सांगितलं. सर तिला म्हणाले, "एन्झाइमपाशी बसणारे मले पुष्कळ भेटतात. जिन्यावर जाऊन बसणारं कोणी भेटत नाही. तुले अजूनही डॉक्टर व्हायचं आहे का?"

"हो सर."

"तुले माणसं आवडतात?"

"हो."

"कोणती? म्हातारी, चिडकी, अंथरूण ओलं करणारी?"

तशी माणसं ऋतानं जवळून पाहिलीच नव्हती. "मग बघून ये," सर म्हणाले. "आपल्या पिनरच्या केअर होममध्ये शनिवार-रविवारची माणसं पाहिजेत. आवडलं, तर डिग्री चांगली काढ. पदवीधरांसाठी मेडिकलचा चार वर्षांचा कोर्स निघाला आहे, तिथं अर्ज कर. नाही आवडलं, तर माझा विषय आहेच. पण इथून रिकाम्या हातानं जायचं नाही. हे सगळं शिकून जायचं."

म्हणजे मुलीला त्या वाटेनं नेणारा माणूस हा. मी काय करत होतो, तेही सांगतो. मी तिला बँकेतल्या नोकरीचे फॉर्म आणून देत होतो. एकदा नकार पचवला होता, पुन्हा चार लोकांत मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. केअर होमचं कळलं तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर ओरडलो, "लोकांची अंथरुणं बदलायला पाठवली का तुला युनिव्हर्सिटीत?"

"बाबा, it's only weekends. मी त्यांना आंघोळ घालते, भरवते. Somebody has to."

"कोणी बघितलं तर?"

"बघू दे ना. तुम्ही पण कौन्सिलमध्ये ड्रेन्स बघत होते. आम्ही काय बोललो कधी?"

हिनं मान खाली घातली, पण ती हसतेय हे मला दिसत होतं. खरंच, मी उभा जन्म कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात काढला होता.

आणि बघितलंच कोणीतरी. सेक्रेटरींच्या मातोश्री त्याच केअर होममध्ये होत्या. एका रविवारी सेक्रेटरींचा फोन आला. "अहो, तुमची ऋता आमच्या आईला भरवत होती. युनिफॉर्म घालून! मेडिकलचं काय झालं?"

आवाजात कुचकेपणा नव्हता, नवल होतं. त्यांना खरं सांगायला मला काहीच हरकत नव्हती. पण मी म्हणालो, "काय सांगू तुम्हाला? आमच्या त्या सरांनी डोकं फिरवलं तिचं. मेडिकल सोडायला लावलं. त्यांना सगळ्यांनी बायोकेमिस्ट्रीच करायला हवी असते ना."

हेच ते जड.

हॉलमध्ये बसून माझी अब्रू राखणाऱ्या माणसावर मी सगळा दोष ढकलून दिला आणि फोन ठेवला. पुढच्या गणपतीला हळदीचा खेळ कार्यक्रमातून गेला. कमिटीत कोणी कारण लिहिलं नाही. 'अशा माणसाला मुलांसमोर कशाला उभं करायचं' असं एक जण म्हणाला आणि मी टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत बसलो. सर कार्यक्रमाला येत राहिले. मागे चहाच्या बंबापाशी उभे राहत आणि किचनमध्ये जाऊन कप धुवत. त्यानंतर मी त्यांच्यावरच्या गोष्टी जास्तच रंगवून सांगू लागलो. ज्या माणसाला लोक हसतात, त्याचं कोणी फारसं मनावर घेत नाही, आणि मला तेच हवं होतं.

ऋताला त्या चार वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला. इंटरव्ह्यूमध्ये तिला केअर होमविषयी विचारलं. तिनं सेक्रेटरींच्या मातोश्रींचीच गोष्ट सांगितली. आजी जेवायच्या नाहीत. ट्रे समोर ठेवला की तोंड फिरवून बसत. भूक मेली आहे, असं तिथल्या लोकांनी ठरवून टाकलं होतं. ऋताला आपली आई घरी कशी हाक मारते ते आठवलं. ती दारात उभी राहून म्हणाली, "आजी, पानं घेतली आहेत. चला जेवायला." आजी उठल्या, पदर सारखा केला, हात धुऊन आल्या आणि टेबलाशी बसून जेवल्या. जेवायला कोणी बोलावल्याशिवाय बसायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी ती गोष्ट तिला पुन्हा सांगायला लावली म्हणे.

मंडळात पुन्हा शाल, पुन्हा नारळ. मी भाषण केलं. "काही लोकांनी तिला वाटेवरून ढकलायचा प्रयत्न केला, पण बाप ठाम उभा राहिला," असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. घरी येताना गाडीत ऋता म्हणाली, "बाबा, तुम्ही ते बोलत होते ना, तेव्हा सर किचनमध्ये आपल्या सगळ्यांचे कप धुवत होते."

आता या उन्हाळ्यात ती डॉक्टर झाली. सेक्रेटरींनी तिसऱ्या सत्काराचं विचारलं, तेव्हा तिनं स्वतःच त्यांना सांगितलं, "काका, शाल नको. सरांचा हळदीचा शो ठेवा. मग मी येते." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "का नव्हता ठेवला, ते बाबा सांगतील." मी सांगितलं नाही. खेळ ठेवायचा असं मात्र ठरलं, आणि सरांना बोलवायला मला पाठवलं.

गेल्या आठवड्यात मी सरांकडे गेलो. सगळं बोलून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. दार उघडून सर म्हणाले, "या भाऊ. मी घरी आहे असं दिसते." माझ्या नावाची पट्टी लावलेला कप समोर आला. मी एवढंच म्हणालो, "सर, यंदा हळदीचा खेळ ठेवायचा असं कमिटीनं ठरवलंय."

सर एकदम उठले. "खरं? गालिच्याचा राग गेला?"

"गालिच्याचा?"

"मग काय तर! चूक माझीच होती ना. बादली काठावर ठेवली होती मी. थांबा, तुम्हाले दाखवतो."

ते मला बाहेर गाडीपाशी घेऊन गेले आणि डिकी उघडली. आत जाड प्लास्टिकचा एक मोठा गुंडाळा होता, अख्खा हॉल झाकला जाईल एवढा. त्यावर कागदी टेपची पट्टी होती आणि पट्टीवर त्यांच्या बारीक अक्षरात 'गणपती – गालिच्यासाठी' आणि खाली वर्ष. ते वर्ष खोडून त्याखाली पुढचं लिहिलं होतं. तेही खोडून त्याच्या पुढचं. पट्टी पुरली नाही म्हणून खाली दुसरी जोडली होती.

"दरवर्षी घेऊन येत होतो," सर म्हणाले. "म्हटलं, ऐन वेळी कोणी म्हणालंच, की सर, करता का, तर प्लास्टिक नाही म्हणून अडायला नको." मग खिशातून पेन काढून त्यांनी शेवटचं वर्ष खोडलं आणि यंदाचं लिहिलं. "कमिटीले सांगाल ना, एक थेंब सांडणार नाही?"

"सांगतो," मी म्हणालो. आणि घरी आलो.

स्मरणिका दारातच वाटतात. सर ती कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी बंबापाशी उभे राहून पहिल्या पानापासून वाचतात, जाहिरातींसकट, हे मला माहीत आहे. म्हणजे आत्ता ते इथपर्यंत आले असतील, आणि प्लास्टिक त्यांच्या पायाशी असेल. बाकीच्यांनी आपापली मुलं पुढे बसवावीत.

सर, तो डाग त्याच आठवड्यात निघाला होता. गालिच्याचा राग कोणालाही नव्हता. तुमचा खेळ माझ्यामुळे बंद झाला. 'असं दिसते' नाही, सर. असंच आहे.